सेन्सर बदलला तरी दिवा पेटतोय: जुन्या गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चेक इंजिनच्या दिव्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर खानापूर, शहापूर, चिकोडी, निपाणी, जांबोटी अशी सगळीकडून पत्रं आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत ऑक्सिजन सेन्सरच आहे, म्हणजे धुराच्या पाइपात बसून धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न: काका नमस्कार, माझी २०११ ची पेट्रोल गाडी आहे, लाखाच्या वर चाललीय, रोज खानापूर-बेळगाव येणं-जाणं. दिवाळीनंतर चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी ०१७१ कोड आला, मेस्त्री म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवीन घातला. महिना पण झाला नाही तोवर दिवा परत चालू. अ‍ॅव्हरेज पडलंय, मागं उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतोय. आता मेस्त्री म्हणतोय मागचा सेन्सर पण बदलूया. बदलू काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर: नको दादा, अजिबात नको, आधी हे सगळं वाचा आणि मग गाडी घेऊन जावा.

पी ०१७१ चा अर्थ सेन्सर खराब असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनच्या कॉम्प्युटरला मिश्रण पातळ दिसतंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हे त्याला सांगितलं कोणी, तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरनं (पुढचा इंजिनजवळ असतो, मागचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडं). आता सेन्सर खरं सांगत असेल तर त्याला बदलून काय होणार, नवा सेन्सर पण तेच सांगणार. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय. सेन्सरचे स्वतःचे कोड वेगळे असतात, पी ०१३० पासून पी ०१३५ पर्यंत पुढच्या सेन्सरचे, त्यात पी ०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय आणि पी ०१३५ म्हणजे त्याच्या हीटरचं सर्किट बिघडलंय. पी ०१३६ ते पी ०१४१ हे मागच्या सेन्सरचे. मेस्त्रीकडून नुसतं "सेन्सरचा कोड आलाय" एवढं ऐकून येऊ नका, नंबर कागदावर लिहून घ्या.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे पेट्रोलचा वास. मिश्रण खरंच पातळ असेल तर मागं पेट्रोलचा वास कशाला येईल? पुढचा सेन्सर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या भागावर, किंवा त्याच्या लगेच खालच्या पाइपावर असतो आणि जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो. त्या सेन्सरच्या आधी कुठं मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकलं असेल, पाइपाला चीर गेली असेल, जॉइंटचा बोल्ट सैल असेल तर तिथून धूर बाहेर येतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण धूर धक्क्याधक्क्यानं जातो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसते, तो म्हणतो ऑक्सिजन लय आहे, कॉम्प्युटर समजतो मिश्रण पातळ आहे आणि पेट्रोल वाढवत सुटतो. म्हणजे प्रत्यक्षात गाडी दाट मिश्रणावर चालतेय, अ‍ॅव्हरेज खाली, वास येतोय आणि कोड मात्र पातळचा. आपल्या बाजूच्या रस्त्यांवर खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर सायलेन्सर खालून आपटतो, पाइप ओढला जातो, वरचा जॉइंट सैल होतो, त्यामुळं माझा पहिला संशय तिथंच.

बघायचं कसं, तर सकाळी गार गाडी चालू करा आणि बॉनेट उघडून मॅनिफोल्डजवळ कान द्या. टिक टिक टिक असा आवाज येत असेल आणि गाडी तापली की कमी होत असेल तर तिथं लीक आहे, कारण लोखंड तापून फुगतं आणि फट थोडी मिटते. जॉइंटभोवती काळी काजळी उडालेली दिसते. अजून एक सोपी खूण म्हणजे प्लग काढून बघा. प्लगची टोकं काळी-कोरडी असतील तर मिश्रण दाट आहे आणि सेन्सर फसतोय. टोकं पांढुरकी असतील तर मिश्रण खरंच पातळ आहे, मग इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जातं त्या बाजूला बघायचं: फुटलेला व्हॅक्यूम पाइप, कडक झालेलं रबर, इनटेकचं गॅस्केट, चोंदलेला पेट्रोल फिल्टर, दमलेला पंप.

सेन्सर चांगला की वाईट हे बघायला पण वेळ लागत नाही. गाडी पूर्ण तापवून रेस २५०० च्या आसपास धरायची आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघायचा, तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वर-खाली पळत पाहिजे. ०.४५ च्या वर म्हणजे दाट, खाली म्हणजे पातळ. मग एक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा, आकडा लगेच खाली गेला पाहिजे. पाइप लावून इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा छोटा फवारा द्या, आकडा झटकन वर गेला पाहिजे. गेला तर सेन्सर जिवंत आहे, त्याला हात लावू नका. फवारा मारताना तापलेल्या मॅनिफोल्डवर थेंब उडू देऊ नका, पेट घेतो.

हे सगळं नेहमीच्या झिरकोनियावाल्या सेन्सरबद्दल आहे, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत बहुतेक तोच असतो. आणि मागचा सेन्सर तर विसराच, तो मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतोय का ते बघायला असतो, तुमच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, लोकांचे कष्टाचे पैसे अशा अंदाजपंचे बदललेल्या पार्टमध्ये जातात. मेस्त्रीला रागवू नका, पण आधी तपासणी आणि मग पार्ट असं स्पष्ट सांगा की.

प्रश्न: दादा, मी गाडीची छोटी-मोठी कामं स्वतः करते, आमच्या घरच्यांचं उद्यमबागेत लेथचं काम असल्यामुळं हत्यारांची कमी नाही. आमची २००७ ची गाडी आहे. पुढच्या सेन्सरचा हीटर मल्टिमीटरवर काहीच दाखवत नाही, म्हणजे तो गेलाय हे नक्की, फ्यूज पण बघितला, चांगला आहे. पण सेन्सर मॅनिफोल्डमध्ये असा धरलाय की हलत नाही, मला आटे जातील अशी भीती वाटतेय. दुसरं म्हणजे दुकानात चार वायरचा युनिव्हर्सल सेन्सर मिळतोय, वायर सोल्डर करून जोडली तर चालेल ना? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: ताई, तुम्ही आधी हीटर आणि फ्यूज तपासला हे वाचून मनापासून आनंद झाला. सगळ्यांसाठी सांगतो, सेन्सरचा प्लग काढून दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये रेझिस्टन्स बघायचा, त्या हीटरच्या असतात, गार असताना काही ओहम दाखवतात. काहीच दाखवलं नाही म्हणजे हीटरची तार तुटली. सेन्सर साधारण ३०० अंशाच्या वर तापल्याशिवाय सिग्नल देत नाही, म्हणून हा हीटर ठेवलेला आहे, नाहीतर गार गाडीत आणि ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना तो झोपूनच राहतो. सिग्नलच्या वायरीवर मात्र ओहम मोजायचं नाही कधीच, मीटरच्या करंटनं सेन्सरला इजा होऊ शकते. तिथं फक्त व्होल्टेज, तेही डिजिटल मीटरनं.

आता काढायचं. आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी परत मारा. मग गाडी थोडा वेळ चालू करून मॅनिफोल्ड कोमट-गरम होऊ दे, एकदम लालबुंद नको, हाताला जाड मोजे घाला. गरम असताना मॅनिफोल्डचं भोक जरासं फुगतं आणि आटे सुटायला मदत होते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेन्सरचा प्लग सोडवा. बहुतेक सेन्सरना २२ नंबरचा पाना लागतो. तुमचा सेन्सर तसाही मेलाय, तर वायर सरळ कापून टाका आणि पूर्ण रिंग पाना किंवा खोल बॉक्स पाना घाला, फिक्स पान्यानं कडा गोल होतात आणि मग खरी डोकेदुखी सुरू होते. जोर एकदम नाही, आधी किंचित घट्ट बाजूला दाबायचं, मग सोडायच्या बाजूला, थोडं आलं की परत मागं, परत ऑइल, असं पुढं-मागं करत आणायचं. घाई केली की आटे ओढून येतात. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास नको, स्टँड लावा, आणि इंजिन चालू असताना शेडचं दार उघडं ठेवा.

निघाला की त्याचं टोक नीट बघा, फेकू नका. काळी काजळी असेल तर गाडी दाट मिश्रणावर चालत होती. तपकिरी-राखेसारखा थर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा थर असेल तर कूलंट आत जात असेल, नाहीतर कुणीतरी इंजिन उघडून जोडताना भरमसाट सिलिकॉन सीलंट लावलं असेल, सेन्सरला न चालणाऱ्या सीलंटची वाफ आत जाऊन सेन्सर मरतो. आपल्याकडं गॅस्केटच्या जागी ट्यूब पिळायची सवय फार आहे, सेन्सर लवकर जाण्याचं हे एक मोठं कारण आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मूळ कारण तसंच राहिलं तर नवा सेन्सर पण त्याच वाटेनं जाणार.

नवा बसवायच्या आधी आटे साफ करा, बहुतेक ठिकाणी एम १८ × १.५ असतात, तुमच्याकडं टॅप असेलच, हातानं हलकेच फिरवा, धातू कापला जाता कामा नये. अगदीच आटे गेले तरी घाबरायचं कारण नाही, तुमच्या उद्यमबागेतच नवीन बॉस (आटे पाडलेली धातूची कडी) करून वेल्ड करून मिळतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा अँटी-सीझ पेस्ट (आटे चिकटू न देणारी) लावूनच येते, नसेल तर सेन्सरसाठीचीच घ्या आणि फक्त आट्यांना लावा, टोकाच्या जाळीला एक ठिपका पण नको. हातातून पडलेला सेन्सर वापरू नका, आत सिरॅमिक असतं आणि ते बाहेरून फुटलेलं दिसत नाही. आधी हातानं पूर्ण बसवायचा, मग पाना. टॉर्क ४० न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा.

सोल्डरिंग मात्र नको. यातल्या बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधल्या बारीक जागेतूनच आत येते, सोल्डर वितळून ती वाट बंद झाली की सेन्सर चुकीचं सांगायला लागतो. त्याच कारणासाठी प्लगमध्ये ग्रीस किंवा स्प्रे पण मारायचा नाही. युनिव्हर्सल घेतला तर त्याच्याबरोबर येणारे क्रिम्प जॉइंट (दाबून बसवायचे जोड) वापरा आणि रंगाला रंग जोडू नका, कामाला काम जोडा, कारण रंग कंपनीप्रमाणे बदलतात. बॉशच्या चार वायरवाल्यात दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी ग्राउंडची असते, डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. म्हणजे एकाची काळी दुसऱ्याच्या काळीला जोडली तर हीटरचे बारा व्होल्ट सिग्नलमध्ये. खरं सांगायचं तर पैसे थोडे जास्त गेले तरी तुमच्या गाडीच्या प्लगसकट येणाराच घ्या. वायर मॅनिफोल्डला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये अडकवा.

प्रश्न: सर, आम्ही ऊसवाले, आमचाच ऊस फॅक्टरीला जातो आणि त्याचंच इथेनॉल पेट्रोलमध्ये येतंय म्हणून इथेनॉलला नावं ठेवत नाही. पण माझी २००९ ची गाडी आहे, आता पंपावर ई २० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतंय, त्यानं ऑक्सिजन सेन्सर खराब होतो असं इथं सगळे बोलायलेत. खरं काय? — एक शेतकरी, चिकोडी

उत्तर: सेन्सर इथेनॉलनं खराब होत नाही, उलट ई २० वर तुमची जुनी गाडी नीट चालतेय ती याच सेन्सरमुळं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळं त्याला ९ पटच पुरते, आणि २० टक्के मिसळलं की हिशोब साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त सोडावं लागतं. २००९ साली तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला ई २० माहीत नव्हतं, पण सेन्सर सांगतो पातळ आहे, तो थोडं वाढवतो आणि विषय मिटतो. फक्त या वाढवण्याला एक हद्द असते. सेन्सर म्हातारा होऊन सुस्त झाला असेल, इंजेक्टर घाण असतील किंवा फिल्टर चोंदला असेल तर ती हद्द लवकर गाठली जाते आणि दिवा लागतो, मग लोक म्हणतात इथेनॉलनं सेन्सर खाल्ला. स्कॅनरमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा, अधिक आठ-दहाच्या आसपास असेल तर ई २० चा हिशोब म्हणून धरा, वीसच्या वर जात असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

अ‍ॅव्हरेज थोडं पडणार, कारण इथेनॉलच्या लिटरमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असते. तुमच्या वर्षाच्या गाडीत मला सेन्सरपेक्षा पेट्रोलच्या रबरी पाइपांची आणि सीलची काळजी जास्त वाटते. ते ई २० साठी केलेले नाहीत, कडक होतात, चिरतात. दर सर्व्हिसिंगला हातानं दाबून बघा आणि शंका आली तर बदला.

प्रश्न: मामा, माझी गाडी बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांतली) आहे, पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी रिन्यू करायचीय. एमिशन टेस्टमध्ये सीओ १ च्या वर आला, फेल. गाडीला एलपीजी किट आहे पण टेस्ट पेट्रोलवर केली. टेस्टवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. — एक वाचक, निपाणी

उत्तर: बीएस-२, बीएस-३ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या आत आणि एचसी (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएमच्या आत लागतं. बीएस-४ ला अजून कडक, ०.३ आणि २००. तुमचा सीओ १ च्या वर म्हणजे मिश्रण दाट आहे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही, किंवा दोन्ही.

पण एलपीजी किट म्हटलं की मी आधी तिथं बघतो. बऱ्याच किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर कापून मध्ये एम्युलेटर लावतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोलच्या कॉम्प्युटरला खोटा सिग्नल द्यायचा आणि पेट्रोलवर आलं की खरा सेन्सर जोडायचा. हा डबा किंवा त्याचा टेपनं गुंडाळलेला जोड खराब झाला की पेट्रोलवर पण खरा सिग्नल पोचत नाही. अशा गाडीत नवा सेन्सर घालून काहीही फरक पडत नाही, कारण वायरच तुटलेली आहे. वायरिंग उघडून सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत सलग आहे का ते बघून घ्या. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चालवली असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेले असू शकतात, ते साफ करून घ्या. एअर फिल्टर, प्लग, ऑइल ही साधी कामं त्याच दिवशी उरका.

आणि टेस्टला गार गाडी नेऊ नका. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. पेट्रोलवरच तवंदी घाट चढून-उतरून या, तसंच सरळ सेंटरला जावा आणि रांगेत असताना गाडी बंद करू नका. यात फसवाफसवी काही नाही, टेस्ट तापलेल्या इंजिनवरच व्हायला पाहिजे. एवढं करून पण सीओ खाली आला नाही तर सेन्सरचा लाइव्ह डेटा बघा आणि शेवटी कन्व्हर्टर. कन्व्हर्टर आतून रिकामा करून नुसता डबा ठेवलेल्या जुन्या गाड्या मी बघितल्यात, सेकंडहँड घेतली असेल तर ही शक्यता पण धरा.

प्रश्न: काका, चोर्ला घाटातून गोव्याला भाडी मारतो. पावसात चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ऊन पडलं की जातो. दोस्त म्हणतोय सेन्सरचा प्लग काढूनच टाक, गाडी चालते की. काढू काय? — एक ड्रायव्हर, जांबोटी

उत्तर: काढू नको रे बाळा. गाडी चालते हे खरं, पण सेन्सर काढला की कॉम्प्युटर ठरलेल्या अंदाजावर पेट्रोल सोडतो आणि इंजिन वाचावं म्हणून तो अंदाज बहुतेक दाट बाजूला असतो. भाड्याच्या गाडीत रोजचं पेट्रोल जास्त जाणार, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून वितळणार आणि घाट चढताना गाडी दम टाकणार. कन्व्हर्टर सेन्सरच्या कितीतरी पट महाग आहे.

पावसात येतो, उन्हात जातो म्हणजे तुझा सेन्सर बहुधा चांगला आहे, पाणी कुठंतरी वायरिंगमध्ये शिरतंय. कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो ते तुला मी सांगायला नको. सेन्सरच्या प्लगचं रबर सील बघ, पिना हिरवट झाल्यात का बघ, वायर कुठं घासून तांबं उघडं पडलंय का बघ, खालचा स्प्लॅश गार्ड जागेवर आहे का ते पण बघ, तो निघाला की चाकाचं पाणी सगळं वर उडतं. प्लग सोडवून वाळव, सील फाटलं असेल तर प्लग बदल, वायर वरच्या बाजूनं बांधून घे. आणि दिवा पेटलेला असतानाच गॅरेजला जा, गेल्यावर नको. जाताना कोडचा नंबर लिहून आण, पी ०१३५ किंवा पी ०१४१ आला तर हीटरच्या दोन वायरीपासून सुरुवात कर.